जुना काटा, नवं नेटवर्क : सिरियल यंत्रातला आकडा आपल्या फाइलपर्यंत खरा कसा पोचवायचा

दवनीवाड्याच्या एका राइस मिलमध्ये मी तीन आठवडे धानाचे कट्टे मोजत होते. म्हणजे मोजत होता काटा, मी फक्त त्याचा आकडा कॉम्प्युटरमध्ये घेत होते. एक दिवस मिलचे मुनीम वही घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "ताई, काटा एकच, कट्टा एकच. मग तुमच्या कॉम्प्युटरात तो रोज आमच्या वहीपेक्षा हलका कसा भरते?"

मी आधी हसले. वहीत हाताने लिहिताना चूक होते, मशीनकडून होत नाही, असं मला वाटत होतं. संध्याकाळी दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघितले तेव्हा हसू गेलं. वही बरोबर होती.

हा लेख त्या चुकीबद्दल आहे. पीएचडीला नाव नोंदवायच्या तयारीत असलेल्या पुष्कळ जणांना पुढे जुन्या यंत्रांशी गाठ पडणार आहे. विद्यापीठाच्या लॅबमधला पंधरा-वीस वर्षं जुना स्पेक्ट्रोफोटोमीटर, दूध संकलन केंद्रावरचा फॅट मोजणारा अॅनालायझर, ओलावामापक, मिलमधला काटा. ही यंत्रं उत्तम चालतात, पण त्यांना इथरनेट नाही, वायफाय नाही. मागच्या बाजूला नऊ पिनांचा एक पोर्ट तेवढा असतो. त्यातून डेटा नेटवर्कवर कसा आणायचा आणि आणताना तो बिघडत नाही ना हे कसं तपासायचं, ते आज बघू.

आधी प्रश्न काय होता

माझा विषय साठवणुकीतली घट. आधारभूत किमतीने धान खरेदी करताना १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. पुढे धान वाळत जातं आणि वजन कमी होतं. हिशोब सोपा आहे. कट्ट्यातला कोरडा भाग बदलत नाही, फक्त पाणी उडतं. १७ टक्के ओलावा म्हणजे कोरडा भाग ८३ टक्के. १४ टक्के ओलाव्याला तो ८६ टक्के होतो. म्हणून ४० किलोच्या कट्ट्याचं वजन ४० × ८३ ÷ ८६, म्हणजे सुमारे ३८.६ किलो राहतं. जवळजवळ १ किलो ४०० ग्रॅम नुसतं पाणी गेलं.

पण ओलावा १७ वरून फक्त साडेसोळावर आला तर घट साधारण २४० ग्रॅम. थोड्या दिवसांत दिसणारा फरक एवढाच असतो. इथे कट्ट्यामागे ८० ग्रॅमची चूक झाली तर निष्कर्षच बदलतो. आणि ही घट गोदामात किती धरायची, कोणाच्या नावावर टाकायची, यावरून आमच्या भागात दर हंगामात भांडणं होतात. आकडा चुकला तर तो फक्त माझ्या प्रबंधात चुकत नाही.

"मग नवीन काटा घ्यायचा ना, वायफायवाला!" असं मला कोणीतरी म्हणालं. एक तर पैसे. दुसरं, व्यापारात वापरल्या जाणाऱ्या काट्यावर वैधमापन खात्याची तपासणी होऊन सील लागलेलं असतं. ते सील तोडून आत तार जोडता येत नाही, जोडूही नये. जे करायचं ते बाहेरच्या पोर्टवरूनच. तिसरं म्हणजे शेतकरी आणि मिलवाला दोघांचाही विश्वास ज्या काट्यावर आहे, त्याच काट्याचा आकडा मला हवा होता.

सिरियल म्हणजे नेमकं काय

नऊ पिनांच्या पोर्टवर जी पद्धत चालते तिचं नाव आरएस-२३२. अमेरिकेत १९६० साली हे मानक आलं, १९६९ ची त्याची 'सी' आवृत्ती सर्वांत जास्त पसरली. सिरियल म्हणजे एकामागून एक. एका तारेवरून एका वेळी एकच बिट जातो, अरुंद बांधावरून माणसं एकामागे एक चालतात तसा.

तारेवर काही नसतं तेव्हा ऋण व्होल्टेज असतं. मानकाप्रमाणे वजा ३ ते वजा १५ व्होल्ट म्हणजे '१', आणि अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट म्हणजे '०'. उलटं वाटतं, पण तसंच आहे. अक्षर पाठवायचं असलं की आधी एक स्टार्ट बिट, मग ७ किंवा ८ डेटा बिट, हवा असल्यास पडताळणीचा एक पॅरिटी बिट, शेवटी स्टॉप बिट.

९६०० हा वेग घेतला, आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट (याला ८-एन-१ म्हणतात), तर एका अक्षराला १० बिट लागतात. म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं, एका अक्षराला साधारण एक मिलिसेकंद. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दोन्ही टोकांना वेग, डेटा बिट, पॅरिटी हे सगळं सारखं ठेवावं लागतं. ते एकमेकांना विचारून जुळवून घेत नाहीत. वेग चुकला तर स्क्रीनवर कचरा दिसतो, त्यामुळे ती चूक लगेच पकडली जाते. पॅरिटीची चूक जास्त फसवी, कारण काही अक्षरं बरोबर येतात आणि काही बिघडतात. काट्यांमध्ये सात डेटा बिट आणि सम पॅरिटी ही जोडीही पुष्कळदा भेटते. सेटिंग कुठे मिळेल? मॅन्युअलमध्ये. मॅन्युअल हरवलं असेल तर यंत्राच्या सेटअप मेनूत.

तार जोडण्याआधी

कॉम्प्युटरच्या नऊ पिनी पोर्टवर पिन २ वर ऐकायचं, पिन ३ वर बोलायचं आणि पिन ५ म्हणजे ग्राउंड. काही यंत्रांत २ आणि ३ आधीच उलट जोडलेले असतात, काहींत नसतात. म्हणून दोन प्रकारच्या केबल मिळतात, सरळ आणि उलटी (नल मोडेम). काहीच येत नसेल तर यंत्र बिघडलंय असं समजायच्या आधी केबल बदलून बघा.

मी फक्त दोन तारा जोडल्या. काट्याच्या बोलण्याची तार माझ्या ऐकण्याच्या पिनला आणि ग्राउंड. माझी बोलण्याची तार मुद्दाम मोकळी सोडली. बऱ्याच काट्यांना सिरियलवरून 'शून्य कर', 'टेअर कर' असे हुकूम देता येतात. ती तार जोडलेली असली तर माझ्या प्रोग्रॅममधल्या चुकीने, किंवा नेटवर्कवरच्या दुसऱ्या कोणीही, शेतकऱ्याचा कट्टा काट्यावर असताना काटा शून्य केला असता. तार नसेल तर हे शक्यच नाही. पासवर्डपेक्षा हा उपाय भक्कम.

मिलमध्ये मोठ्या मोटारी असतात, पावसाळ्यात विजा असतात. काटा एका सॉकेटवर आणि कॉम्प्युटर दुसऱ्याच लाइनवर असला तर दोन ग्राउंडमध्ये फरक पडतो आणि तो सिरियलच्या तारेतून वाहतो. पोर्ट जळायचं हे नेहमीचं कारण. मधे एक आयसोलेटर बसवा. तो महाग नसतो, जळलेला इंडिकेटर महाग पडतो.

नेटवर्कपर्यंत तीन रस्ते

पहिला : यंत्राशेजारी एक लहान कॉम्प्युटर ठेवायचा (रास्पबेरी पाय चालतो), यूएसबी-सिरियल केबल लावायची आणि त्यावर सेर-टू-नेट सारखा मोफत प्रोग्रॅम चालवायचा. तो सिरियल पोर्ट नेटवर्कवरच्या एका टीसीपी पोर्टला जोडून देतो. हा रस्ता मला सगळ्यांत आवडतो, कारण नेट गेलं तरी डेटा तिथल्या तिथे साठवता येतो.

दुसरा : तयार सिरियल डिव्हाइस सर्व्हर. एका बाजूला नऊ पिनी पोर्ट, दुसऱ्या बाजूला इथरनेट. हा दोन प्रकारे चालतो. एकात येणारे बाइट्स जसेच्या तसे टीसीपीवर टाकतो. दुसऱ्यात, १९९७ च्या आरएफसी २२१७ प्रमाणे, दूरच्या कॉम्प्युटरवरून वेग आणि पॅरिटीही बदलता येते. यंत्र कंपनीचं जुनं सॉफ्टवेअर 'कॉम पोर्ट'च मागत असेल तर सोबतच्या ड्रायव्हरने खोटा कॉम पोर्ट तयार होतो आणि सॉफ्टवेअरला फरक कळत नाही.

तिसरा : ईएसपी-३२ सारखा मायक्रोकंट्रोलर. स्वस्त, वायफाय आतच. पण तो ३.३ व्होल्टवर चालतो आणि आरएस-२३२ वर १२ व्होल्टही येऊ शकतात, तेही ऋण. मधे मॅक्स-३२३२ सारखी पातळी बदलणारी चिप लागतेच. सरळ जोडलात तर बोर्ड गेला समजा.

पहिला आठवडा मी लॅपटॉप यूएसबी केबलने काट्याला जोडून बसायचे. मग गोदामातून उठून ऑफिसात बसता यावं म्हणून तिसरा रस्ता घेतला. आणि तिथेच फसले.

टीसीपीला 'ओळ' कळत नाही

माझा काटा प्रत्येक मोजणीला एक ओळ पाठवायचा. सुरुवातीला स्थिर वजनाची खूण 'एसटी' किंवा हलत्या वजनाची 'यूएस', मग अधिक चिन्ह, पुढे शून्यं भरून वजन, मग 'केजी' आणि ओळ संपल्याची खूण. उदाहरणार्थ: एसटी, +००४०.६५ केजी.

यूएसबीवर मी 'ओळ पूर्ण होईपर्यंत वाच' असा हुकूम वापरला होता. नेटवर्कवर गेल्यावर मी 'जे आलं असेल ते दे' असा हुकूम वापरला आणि त्यातून आकडा शोधून काढला. मला वाटलं, काटा ओळ पाठवतो म्हणजे मला ओळच मिळणार.

तसं होत नाही. टीसीपी बाइट्सचा क्रम राखतो, एकही बाइट हरवू देत नाही. पण कोणते बाइट एकत्र येतील याची हमी तो देत नाही. नळाचं पाणी येतं तसं समजा. आधी कोणी बादलीने ओतलं की तांब्याने, हे नळाखाली कळत नाही. ओळीतलं एक अक्षर यायला एक मिलिसेकंद लागतो हे वर बघितलं. माझा बोर्ड काही मिलिसेकंदांनी 'काय जमलं' ते बघून पुढे ढकलायचा. त्यामुळे ओळ कुठेही तुटायची. 'एसटी, +००४०.६' एका तुकड्यात, '५ केजी' दुसऱ्यात.

आता बघा चूक किती सभ्य होती. दुसऱ्या तुकड्यात 'एसटी' नाही, म्हणून माझा प्रोग्रॅम तो टाकून द्यायचा. पहिल्या तुकड्यात 'एसटी' आहे, आकडाही आहे: ४०.६. घेतला! ओळ दशांश चिन्हापाशी तुटली तर ४०. तेही घेतलं! ओळ आणखी आधी तुटली तर वजन ४ किंवा ० यायचं, पण ३० किलोखालचे आकडे गाळायचा नियम मीच लावला होता. म्हणजे जे आकडे उघड चुकीचे दिसले असते, ते मीच नजरेआड केले. उरले ते सगळे शक्य वाटणारे आणि सगळे कमी. उजवीकडून तुटलेला आकडा कधीच मोठा होत नाही, म्हणून ही चूक एकाच दिशेला झुकलेली होती. जास्त मोजण्या घेतल्या तरी ती सरासरीत मिटणार नव्हती.

माझ्या डेटात सरासरी वजन साधारण ८० ग्रॅमने खाली आलं होतं, आणि ते आलं केबल बदलली त्याच दिवशी. आलेखात मला काय दिसलं? पहिल्या आठवड्यानंतर वजन उतरलं. मला घटच शोधायची होती, ती सापडली. मी खूश होऊन गाइडना आलेख पाठवूनही मोकळी झाले होते.

दुरुस्ती चार ओळींची आहे. आलेले बाइट्स एका साठ्यात जोडत जायचं. साठ्यात ओळ संपल्याची खूण दिसली की तेवढी ओळ बाहेर काढायची, उरलेलं तसंच ठेवायचं. ओळीची लांबी ठरलेल्याइतकीच आहे का, सुरुवातीची खूण आणि शेवटचं 'केजी' आहे का, हे तपासायचं. एक जरी गोष्ट जुळली नाही तर आकडा घ्यायचा नाही, पण ती ओळ वेगळ्या फाइलीत नोंदवायची. नाकारलेल्या ओळी किती, हे रोज बघायचं.

वेळ कोणाची?

काटा वजन सांगतो, वेळ सांगत नाही. वेळ आपण लावतो. ती ओळ वाचली गेली त्या जागी, यंत्राशेजारच्या बोर्डावरच लावावी. दूरच्या सर्व्हरवर पोचल्यावर नाही. नेट अर्धा तास गेलं आणि साठलेल्या ओळी एकदम पोचल्या तर सर्व्हरच्या मते सगळे कट्टे एकाच सेकंदाला मोजले गेले! बोर्डाचं घड्याळ एनटीपीने जुळवा, आणि वीज जाते तिथे डीएस-३२३१ सारखी बॅटरीवाली घड्याळ-चिप लावा. तिची चूक वर्षाला साधारण मिनिटभराची असते, आपल्या कामाला पुरे.

एकापेक्षा जास्त यंत्रं असतील तर

आरएस-२३२ एकास एक चालतं, आणि तेही थोड्या अंतरावर. जुन्या मानकात १५ मीटर. लांब अंतर आणि अनेक यंत्रं यासाठी १९८३ चं आरएस-४८५ आहे. त्यात दोन तारांमधल्या व्होल्टेजचा फरक बघतात, त्यामुळे बाहेरचा गोंगाट बराचसा कटतो. कमी वेगाला १२०० मीटरपर्यंत जाता येतं, एका जोडीवर ३२ साधी यंत्रं बसतात. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध लावायला विसरू नका. यावर पुष्कळदा १९७९ पासून चालत आलेली मॉडबस ही भाषा बोलली जाते. ओलावा-तापमानाचे सेन्सर, वीजमीटर, मोटारीचे ड्राइव्ह असं बरंच काही ती बोलतं.

ही अडचण फक्त गावच्या मिलची नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. अँटेनांवरच्या उपकरणांची देखरेख करणारी जुनी कार्डं आरएस-४८५ सिरियलवर बोलायची. दुर्बिणीची सुधारणा झाली तेव्हा त्यांची जागा इथरनेटवर बोलणाऱ्या कार्डांनी घेतली. दुर्बीण तीच, डिश त्याच, बोलायची पद्धत बदलली.

दार उघडं ठेवू नका

सिरियल यंत्रं बनली तेव्हा तारेच्या दुसऱ्या टोकाला आपलाच माणूस असणार, असं गृहीत होतं. म्हणून त्यांत ना पासवर्ड, ना ओळख. असं यंत्र इंटरनेटवर उघडं टाकलं की हे गृहीतक कोसळतं. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमध्ये वीज कंपन्यांवर हल्ला झाला आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. त्यात हल्लेखोरांनी उपकेंद्रांमधल्या सिरियल-इथरनेट कन्व्हर्टरचं फर्मवेअरच बिघडवून टाकलं, म्हणजे दूरवरून उपकेंद्र पुन्हा चालू करणंही जमू नये. आपण आज ज्या डब्याची चर्चा करतोय, तोच डबा.

म्हणून: डब्याचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. राउटरवर त्यासाठी पोर्ट उघडू नका. बाहेरून लागलंच तर व्हीपीएन वापरा. यंत्राशी एकाच प्रोग्रॅमला बोलू द्या आणि बाकीच्यांना त्या प्रोग्रॅमकडून डेटा द्या, नाहीतर दोघांचे हुकूम एकमेकांत मिसळतात.

मी काय गमावलं, काय शिकले

नेटवर्कवर गेल्यानंतरच्या दोन आठवड्यांच्या मोजण्या मला टाकून द्याव्या लागल्या. तुटलेल्या ओळींमधून खरा आकडा परत मिळवता आला असता, कारण सगळे बाइट्स आले होतेच. पण मी फक्त शोधून काढलेला आकडा साठवला होता, मूळ ओळी नाही. ही माझी खरी चूक. ओळ तुटणं ही प्रोग्रॅमिंगमधली चूक झाली, ती कोणाकडूनही होते. कच्चा डेटा न ठेवणं ही संशोधनातली चूक.

वहीतले आकडे होते म्हणून थोडंफार वाचलं. गाइडना मी दुसऱ्याच दिवशी सगळं लिहून कळवलं. त्यांनी एकच विचारलं, "केबल बदलल्यावर जुन्या आणि नव्या पद्धतीने दोन दिवस एकत्र मोजलं होतं का?" नव्हतं.

आता मी हे पाळते, तुम्हीही पाळा:

१. यंत्राकडून आलेला प्रत्येक बाइट वेळेसकट जसाच्या तसा साठवा. जागा लागते ती किरकोळ. ९६०० च्या वेगाने तार अखंड भरून वाहिली तरी दिवसाला ८३ एमबीच्या आसपास होतात.

२. मोजायची साखळी बदलली, अगदी केबलसुद्धा, तर तारीख लिहा आणि जुनी-नवी पद्धत काही काळ शेजारी शेजारी चालवा.

३. रोज निदान दहा मोजण्या यंत्राच्या डिस्प्लेवरून हाताने वहीत लिहा आणि फाइलीशी ताडून बघा.

४. गाळणीचा प्रत्येक नियम काय लपवू शकतो, हे नियम लावतानाच स्वतःला विचारा.

५. तुम्हाला हवं तेच उत्तर आलं, तर त्या दिवशी जरा जास्त तपासा.

सराव करायचा असेल तर यंत्राची गरज नाही. एक छोटा प्रोग्रॅम लिहा जो वर दिलेली वजनाची ओळ दोन तुकड्यांत, मधे थोडं थांबून, टीसीपीवर पाठवतो. दुसरा लिहा जो ती वाचतो. ओळ प्रत्येक शक्य जागी तोडून बघा आणि दर वेळी ४०.६५ च येतं का ते तपासा. अर्ध्या तासाचं काम आहे. मी ते आधी केलं असतं तर दोन आठवडे वाचले असते.

या हंगामात मी परत त्याच मिलमध्ये जाणार आहे. मुनीमजींना सांगून ठेवलंय, तुमची वही बंद करू नका. ते म्हणाले, "वही कधी बंद पडते का, ताई? तिले कुठं लाइन लागते!"